डिपस्टिकची नळी ब्लॉकमध्ये सैल बसते

प्रश्न : माझ्या ट्रकचे डिझेल इंजिन नुकतेच पूर्ण उघडून बांधून घेतले. डिपस्टिकची (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीची) जुनी नळी काढताना वाकली, म्हणून नवी घातली. परंतु ती ब्लॉकच्या भोकात हाताने फिरते आणि बुडाशी तेल पाझरून धुळीचा काळा थर साचतो. वरून पुट्टी लावली, ती आठवड्यात सुटली. काय करावे?

उत्तर : तेलकट धातूवर पुट्टी टिकणारच नाही. नळी काढून भोकातील जुने सीलंट खरवडावे (कचरा आत पडू नये म्हणून आधी ग्रीस लावलेली चिंधी कोंबावी आणि ती आठवणीने काढावी), दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने कोरडे करावेत आणि बेअरिंग बसवताना वापरतात ते रिटेनिंग कंपाउंड लावून नळी तिच्या कंगोऱ्यापर्यंत ठोकावी. हातोडा थेट तोंडावर मारू नये, तोंड दबते. एक रात्र तेल भरू नये.

उत्तर : नळीला वर इंजिनाशी धरून ठेवणारा क्लॅम्प आहे का, ते पाहा. अनेकदा मिस्त्री तो विसरतात, आणि मग थरथरीने कितीही घट्ट नळी सैल होते.

उत्तर : नळी पूर्ण खाली बसली नाही, तर पट्टीही वर राहते आणि तेल असूनही कमी दाखवते; मग आपण जास्त भरतो आणि क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळून फेस करतो. म्हणून फिल्टरसह पुस्तिकेतील मापाइतकेच तेल भरून, इंजिन थोडे चालवून, सपाट जागी थांबल्यावर खूण तपासावी.

प्रश्नकर्ता : क्लॅम्प खरोखरच नव्हता, बोल्टचे भोक रिकामे सापडले.