मदत हवी आहे: ५० किमी डोंगरधाव, घरची कुमक आणि "आता थांब" कुणी म्हणायचं

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याची, वय ४६. चाळिशीत धावायला लागले. आधी तलावपाळीच्या फेऱ्या, मग उपवन, मग येऊर, आणि तिथून डोंगराची चटक लागली ती लागलीच. डांबरी रस्त्यावरच्या दोन मॅरेथॉन झाल्यात, त्यांचं काही विचारायचं नाहीये.

प्रश्न डिसेंबरमधल्या ५० किलोमीटरच्या डोंगरधावेचा आहे. सह्याद्रीतलीच, एकूण चढ साधारण २,२०० मीटर. पहाटे ५ ला सुटायचं, संध्याकाळी ७ च्या आत पोचायचं, नाहीतर बाद. १८, ३१ आणि ४० किलोमीटरवर घरची माणसं भेटू शकतात. इतरत्र कुणी पाण्याची बाटली हातात दिली तरी नाव कटतं. शेवटच्या १० किलोमीटरला एक जण सोबत पळू शकतो.

गेल्या वर्षी हीच धाव मी ३१ वर सोडली. काय झालं ते नीट सांगते, कारण गोची तिथेच आहे.

दुपारी सव्वाला ३१ वर पोचले. पोट ढवळत होतं, आल्या आल्या ओकले. नवऱ्याने कुठल्याशा चहावाल्याकडून लाल प्लास्टिकची खुर्ची मिळवून ठेवली होती. बसले. तो समोर उकिडवा बसला आणि एक अक्षर न बोलता माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. ओढ्यात भिजून गाठी घट्ट झालेल्या, शेवटी त्याने दात लावले. (२१ वर्षांच्या संसारात माझ्या पायाशी बसायची ही पहिलीच वेळ.) मोजे काढले, पाय मांडीवर घेऊन टॉवेलने टिपले. तळवे बादलीत भिजत राहिलेल्या कपड्यासारखे चुरगळलेले, पांढरेफटक. ते बघून म्हणाला, "बास झालं गं. घरी जाऊ." आणि मी हो म्हटलं. पुढे १९ किलोमीटर होते आणि हाताशी पावणेसहा तास. अर्ध्या तासात पोट शांत झालं, कडकडून भूक लागली, डब्यातली दोन थालीपीठं खाल्ली. तोवर यादीतून नाव खोडून झालं होतं. परतताना कळंबोली येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

त्याने प्रेमाने केलं हे कळतं. तरी आतून मी त्याच्यावर चिडलेली आहे, आणि हे त्यालाही ठाऊक आहे. यंदा तो म्हणतो, "मी येत नाही, मैत्रिणींना ने." मला मात्र तोच हवाय.

तर खरा प्रश्न एकच: थांबायचं हे ठरवायचा हक्क कुणाचा? माझा म्हणावं तर त्या क्षणी माझं डोकं ठिकाणावर असेलच असं नाही. त्याचा म्हणावं तर तो मला पहिल्या खरचटण्याला घरी नेईल.

बाकीचे किरकोळ. सहा तासांनंतर एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी चोखायचा गोड घट्ट पाक) घशाखाली उतरत नाहीत, घरचं काय चालतं? सासूबाई (वय ७२) "यंदा मीही येणार" म्हणून हटून बसल्यात, न्यावं का? आणि खारघरची मैत्रीण शेवटचे १० किलोमीटर सोबत पळणार आहे, तिने नेमकं काय करायचं असतं?

डॉक्टरी तपासणी झालीये, सगळं ठीक आहे. तो सल्ला मिळाला असं समजा.

घाटवेडा:
तुमच्या नवऱ्याने केलं तेच बहुतेक घरची माणसं करतात. आपलं माणूस ओकतंय आणि आपण त्याला पुढे हाकलायचं, हे कुणाला सुचणार? म्हणून ते तिथे ठरवायचंच नाही. आधी घरी, चहा पिताना, एका कागदावर दोन रकाने करा.

डावीकडे लिहा: बोलणं असंबद्ध होणं, झोकांड्या जाणं, छातीत दुखणं, डोक्याला मार, कोऱ्या चहासारखी गडद लघवी, तासभर घोटभर पाणीही पोटात न टिकणं. यातलं एक जरी दिसलं तरी तो म्हणेल ती पूर्व दिशा. तुम्ही पाया पडलात तरी गाडीत बसायचं.

उजवीकडे: रडणं, चिडणं, पाय दुखणं, एखादी ओकारी, "माझ्याने नाही होणार". याला उत्तर एकच. काहीतरी खायला घालायचं आणि वाटेला लावायचं.

दोघांनी सही करा. हसू नका, सहीने फरक पडतो.

अजून एक. त्याला सांगा, "कसं वाटतंय?" विचारू नकोस. ३१ किलोमीटर पळालेल्या बाईला कसं वाटणार? "गेल्या तासात काय खाल्लंस? लघवी कधी झाली?" असं विचारायचं. उत्तर देता आलं नाही तर तेही उत्तरच. खुर्ची बाद. बूट फोड आला असेल तरच काढायचे, तेही कोरडे मोजे आधी हातात धरून.

स्टेथो:
पेशाने डॉक्टर आहे, धावपटू नाही. मला तुमच्या ओकारीची कथा अर्धवट वाटते. साधं पाणी किती प्यायलात त्या दिवशी? घामातून मीठ जातं आणि वरून माणूस नुसतं पाणी ढोसत राहिला की रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, आणि प्रकरण पुढे गेलं की बरळणं, फिट येणं. पाणी कमी पडलं तरी मळमळतंच, म्हणून सोबतचे अजून पाणी पाजतात आणि तिथे घोळ होतो. तहान लागेल तसं प्या, घड्याळ लावून नको. ओआरएस घेतलं तर अख्खं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, चिमूट-चिमूट अंदाजाने नाही. पण ओआरएस आहे म्हणून तेही लिटरच्या लिटर रिचवू नका.

आणि गुडघ्यासाठी वाटेत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असाल तर बंद. अशा श्रमात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

धागाकर्ती:
@स्टेथो, अंगावर काटा आला. त्या रात्री अंगठी निघेना, साबण लावून काढली होती. मला वाटलं थंडीने असेल. हो, दर वीस मिनिटांनी पाणी पीत होते, घड्याळात गजर लावून!

कडूगोड:
राग मानू नका, पण हौस तुमची आणि वेठीला अख्खं घर. नवरा, म्हातारी सासू, मैत्रीण, सगळ्यांनी रविवार घालवायचा तुम्ही डोंगर चढता म्हणून? एकटीने झेपेल तेवढंच करावं माणसाने.

धागाकर्ती:
@कडूगोड, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. "या गृहस्थांना एकदा चहाला बोलाव" म्हणाला. आणि मग म्हणाला, "येतो मी यंदा." तेव्हा तुमचे मनापासून आभार.

सातबारा:
माझी बायको पळते, मी चार वर्षं पिशव्या उचलतो. सोबत करणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण ही बाजू कुणी लिहीत नाही.

सगळ्यात वाईट काय असतं, तर वाट बघणं. दरीत मोबाइलला रेंज नसते, माणूस दिसत नाही, आणि मनात नको ते येतं. तुमचे यजमान तुम्हाला बघून घाबरले ते त्या सव्वा वाजता नव्हेत, आधीचे दोन तास घाबरतच बसले असणार. उपाय म्हणजे त्यांच्या हातात वेळा द्या, त्याही सावकाशीच्या. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो अजून चालतो: सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. तुमचं गणित करतो. ५० किलोमीटरचे १० तास, २,२०० मीटरचे ३ तास ४० मिनिटं. झाले १३ तास ४० मिनिटं. तुमची मुदत १४ तासांची. म्हणजे खुर्चीत बसायला तीन ठिकाणी मिळून २० मिनिटं आहेत. उतारावर पळून थोडी कमवाल, पण त्यावर विसंबू नका. याच हिशेबाने प्रत्येक टप्प्याची वेळ काढून द्या. त्या वेळेआधी आलात तर आनंद, नंतर अर्ध्या तासापर्यंत काळजी नाही.

तालीम मात्र कराच. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन बाटल्या भरायला मला नऊ मिनिटं लागली होती, कारण त्या मऊ बाटलीचं झाकण कुठल्या दिशेला फिरतं हेच माहीत नव्हतं.

सासूबाईंना न्या, पण गाडी जाते अशा एकाच ठिकाणी, शक्यतो ४० वर. जवळ स्वच्छतागृह आहे का ते आधी बघा. त्यांच्यासाठी स्टूल घ्या. त्यावर तुम्ही बसायचं नाही. आणि सोबतच्यांचा डबा वेगळा बांधा. आम्ही दिवसभर उपाशी राहून शेवटी तुमचीच केळी खातो.

माहेर_कुडाळ:
खाण्याबद्दल लिहिते. उकड्या तांदळाची पेज, मीठ जरा चढं घालून, थर्मासमध्ये. चावावं लागत नाही, ओकारी आलेल्या पोटालाही चालते. सोबत लोणच्याचा खार, फोड नको. उकडलेले लहान बटाटे मीठ लावून. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत असं म्हणतात, मध्यम केळ्यात साधारण २५ असतात, त्यावरून अंदाज येईल. राजगिऱ्याचा लाडू मी सोडला, कोरड्या तोंडात भुगा होतो आणि ठसका लागतो. काय ते आधी लांबच्या सरावात खाऊन बघा, त्या दिवशी नवीन काही नाही.

मैत्रिणीने काय करायचं? दोन पावलं पुढे राहायचं, वाटेच्या खुणा बघायच्या, दर अर्ध्या तासाने काहीतरी भरवायचं. डिसेंबरात सहाला अंधारतं, तेव्हा दोघींकडे डोक्याला लावायचा दिवा हवा. आणि बडबडी असेल तर सोन्याहून पिवळं.

घाटवेडा:
पेजेला अनुमोदन. तालमीसाठी खारघरची टेकडी घ्या, फणसवाडीकडे चढ चांगला लागतो आणि गाडी वर जाते. येऊरला अंधारात जाऊ नका, बिबट्यांचं घर आहे ते.

धागाकर्ती (डिसेंबर, अपडेट):

मंडळी, झालं. १३ तास ३१ मिनिटं.

तालमीचा रविवार खारघरला केला. आमच्याकडे बाटल्यांना सहा मिनिटं लागली, @सातबारा, तुमच्यापेक्षा बरे आहोत. कागद केला, सह्या झाल्या. लेकाने साक्षीदार म्हणून खाली स्वतःचीही ठोकली.

१८ आणि ३१ ला काही सांगण्यासारखं घडलं नाही. म्हणजे ३१ ला तोच चहावाला होता, त्याने नवऱ्याला ओळखलं आणि आपणहून लाल खुर्ची आणून ठेवली. नवऱ्याने त्यावर पिशव्या ठेवल्या.

४० वर चार वाजून पाच मिनिटांनी पोचले आणि रडायला लागले. कारण काहीच नव्हतं. पोट बरं होतं, फोड नव्हता, नुसतं रडू. "मला नाही जायचं," म्हटलं. नवऱ्याचं तोंड गेल्या वर्षीसारखं झालेलं मला दिसलं. मग त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा तो कागद काढला, चष्मा लावला, आणि ओळीवरून बोट फिरवत आधी डावा रकाना वाचला. सगळा. मग उजवा.

"हे उजवीकडे आहे," म्हणाला, आणि पेजेचा पेला पुढे केला.

सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे का गं?"

पुढचे १० किलोमीटर मैत्रिणीने मला सिडकोच्या लॉटरीची आख्खी कथा ऐकवली, अर्ज, कागदपत्रं, भावजयीशी झालेलं भांडण, सगळं. घर लागलं की नाही ते शेवटची चढण संपल्याशिवाय सांगणार नाही म्हणाली. (लागलं नाही.)

अंगठी या वेळी घरीच ठेवून गेले होते.

आता एक नवीन मदत हवी आहे. उतारावर आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत, एक हलायला लागलंय. आपोआप गळू द्यायचं की दाखवायचं? आणि पुढच्या वेळी बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा का? कुणाला अनुभव असेल तर लिहा.