चर्चा: चौदा वर्षांखालच्या पिचरला चेंडूंची मर्यादा हवी की नको?

रामबागकर

इंदूरच्या मैदानांवर शाळांचे सॉफ्टबॉल सामने बघा. संघात पंधरा मुली, पिचर म्हणजे चेंडू टाकणारी एकच. सकाळचा सामना तिचा, दुपारचा तिचा, दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीतही तीच. माझं म्हणणं सरळ आहे: चौदा वर्षांखालच्या गटात दिवसाला चेंडूंची मर्यादा घाला आणि लागोपाठ तिसऱ्या दिवशी पिचिंग बंद ठेवा.

"हात खालून येतो, खांद्याला काय होणार?" हे ऐकून कान किटले. विंडमिलमध्ये, म्हणजे सॉफ्टबॉलच्या पवनचक्कीसारख्या फेकीत, हात पूर्ण गोल फिरून खाली येतो, तेव्हा तो खांद्यातून बाहेर ओढला जात असतो. ही ओढ शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के मोजली गेली आहे. म्हणजे ३५ किलोच्या मुलीच्या खांद्याला क्षणभर २८ किलो लटकल्यासारखं, आणि तेही दिवसातून शंभर-दोनशे वेळा. अमेरिकेत बेसबॉलच्या मुलांसाठी वयानुसार शिफारस आहे: ११-१२ वर्षांना दिवसाला ८५ चेंडू, १३-१४ला ९५. सॉफ्टबॉलच्या मुलींनीच काय घोडं मारलंय?

तिसरा बेस

भिया, कागदावर छान दिसतं. ऐंशी चेंडू झाले, मुलगी बाहेर. मग टाकणार कोण? दुसरी आली की चार वॉक (चेंडू भलतीकडे टाकल्याने फलंदाजाला फुकट मिळणारा बेस), एक धाव आयती. फटका नाही, झेल नाही, आठ जणी उन्हात उभ्या.

आणि २००८चं बीजिंग ऑलिंपिक विसरलात? जपानच्या युकिको उएनोने एकाच दिवशी दोन सामन्यांत ३१८ चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५. एकूण ४१३, आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण. टोकियोच्या अंतिम सामन्यातही सुरुवात तिनेच केली, वय ३९. हात चेंडूंच्या संख्येने जात नाही, वाईट तंत्राने जातो.

आपल्याकडे काय चुकतं ते सांगतो. पुढचा पाय पडताना पंजा साधारण ४५ अंशात आडवा हवा. मुली तो सरळ होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभी असते तिकडे, रोखतात. कंबर आधीच उघडते आणि सगळा वेग एकट्या हाताने काढावा लागतो. मागचा पाय बोटांच्या टोकावर घासत यायला हवा, तो पिचर जिथून टाकते त्या पट्टीपाशीच रुतून राहतो. हाताचं वर्तुळ पाठीमागे गेलं की खाली येताना कंबर आडवी येते, मग कोपर बाहेर काढून वाट शोधायची. नीट टाकणारीचा कोपराखालचा हात चेंडू सोडताना कंबरेला घासून जातो. त्याने दंड थांबतो आणि मनगट चाबकासारखं पुढे येतं. हे शिकवायचं सोडून मोजत काय बसायचं?

सांधेजोड

उएनो २६ वर्षांची होती, हाडं पक्की झालेली आणि मागे वर्षानुवर्षांची ताकदीची तयारी. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चा अजून उघडा असतो. शिवाय ज्यांचे खांदे गेले त्यांची नावं पदकांच्या यादीत कशी येतील? अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या २४ पिचरची पाहणी १९९२ मध्ये छापून आली होती; त्यातल्या २० जणींना मोसमात काही ना काही दुखापत झाली होती. त्या काही नवशिक्या नव्हत्या.

तंत्राचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. बेसबॉलच्या फेकीपेक्षा विंडमिलमध्ये बायसेप्स जास्त राबतो, कारण खाली येणाऱ्या हाताला तो ताणलेल्या अवस्थेत आवरत असतो. तंत्र कितीही सुबक असलं तरी ते काम टळत नाही, आणि थकवा आला की पहिलं बिघडतं ते तंत्रच. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या चुका पाचव्या डावानंतर चांगल्या मुलींमध्येही दिसतात.

तक्रार कुठे आहे ते नीट विचारावं. खांद्याच्या पुढच्या बाजूला खोबणीत दाबल्यावर दुखतं ती बायसेप्सची कंडरा. करंगळीच्या बाजूच्या हाडावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध बोट ठेवता येईल इतकं नेमकं दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या म्हणजे कोपराजवळची नस. यातलं काहीही असलं तरी चेंडू त्याच क्षणी हातातून काढून घ्यायचा. वर बर्फ चोळून पुढचा सामना खेळवायचा नाही.

रामबागकर, तुमचा हिशेबही अपुरा आहे. सामन्यात १०० धरा, त्याआधी वॉर्म-अपचे ४०, दर डावाआधी पाच म्हणजे सात डावांत ३५. झाले १७५. सामन्यातलेच मोजले तर जवळजवळ निम्मा भार वहीत येतच नाही.

मुरूम आणि माती

कोणी जमिनीचं बोलत नाही. पुढचा पाय आदळतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनापेक्षा जास्त जोर येतो. आपली काळी माती उन्हाळ्यात फरशीसारखी कडक आणि भेगाळलेली. दोन सामन्यांत पाय पडतो तिथे खड्डा होतो, मग घोटा नाहीतर गुडघा वळतो. डावांच्या मध्ये घमेलंभर मुरूम टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसाने ठोकायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण पंच घाई करतात.

जाळीची टोपी

खांदा हळूहळू जातो, तोंड एका फटक्यात. पिचिंगचं अंतर ४० फूट असलं तरी पाऊल टाकून चेंडू सोडला की मुलगी बॅटपासून ३५ फुटांवर उभी. ताशी ८० किलोमीटरने परत आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत तिच्याकडे पोचतो, आणि त्या वेळी ती पुढे झुकलेली, ग्लोव्ह मांडीशी. आधी पिचरला फेस मास्क सक्तीचा करा, मग मोजणीवर भांडा.

तिसरा बेस

मास्कला माझी हरकत नाही. मात्र पट्टा ढिला असला तर घामाने घसरून गज डोळ्यांसमोर येतो, तेव्हा मापाचाच घ्या.

सांधेजोड, थकव्याने तंत्र बिघडतं हे मानलं. पण मग आकडा कशाला? कोचने बघावं: चेंडू सारखा वर राहतोय, मागचा पाय घासायचा थांबलाय, मुलगी दोन चेंडूंच्या मध्ये हात झटकतेय, की बदला.

रामबागकर

बघणारा कोचच तिला तिसऱ्या सामन्याला उभी करतो ना! मोजायला काही लागत नाही. राजवाड्याजवळ जपाचं बोटात घालायचं काउंटर मिळतं, ते स्कोअररच्या हाती द्या. वॉर्म-अपपासून दाबायला सुरुवात. आणि प्रत्येक संघाने दोन पिचर नोंदवल्याशिवाय प्रवेश नको.

तिसरा बेस

दुसरं नाव कागदावर राहील, टाकणार पहिलीच.

रामबागकर

मग दर सामन्यात किमान दोन डाव दुसरीने टाकायचे, असं लिहा.

तिसरा बेस

कोणते दोन? पहिले दोन दिले तर दहा धावा तिथेच जातील. शेवटचे दिले तर पाच डावांनंतर सात धावांचा फरक असला की सामना तिथेच संपतो, तेव्हा दुसरीची पाळीच येणार नाही. तिसरा आणि चौथा म्हणत असाल तर बोलू.