मदत हवी आहे: जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) लढलेले जंगी पलटणीतले कुणी ओळखीचे?

माझे थोरले काका १ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९७१ ला, १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडी जमालपूरचा वेढा फोडायला निघाली, त्याच लढाईत गेले. घरात एक तार आणि एक फोटो, बस्स. आजी शेवटपर्यंत विचारायची, "त्याच्याजवळ कोण होतं रे?"

त्या रात्री तिथे मोर्चात, म्हणजे खंदकात असलेले कुणाचे वडील, मामा, आजोबा आहेत का? सगळे आता पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे, म्हणून घाई. पराक्रम पुस्तकांत सापडतो. मला काका कशावर चिडायचे, लंगरमध्ये (पलटणीच्या स्वयंपाकघरात) काय मागून घ्यायचे, असलं काहीही चालेल. ऐकायला मी गावी येईन. आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिताना आर्मी नंबरशिवाय आणखी काय द्यावं?