फोनचा घोळ आणि मिस मिलनर

वरच्या प्रतिक्रियांत दोघांनी ‘द वुमन इन रेड’ या हॉलिवूडच्या विनोदी सिनेमाला (1984) नुसता टाइमपास म्हटलंय. कथा पातळ आहे, मान्य. बाहेरख्यालीपणाचा विषय तर वरवरच हाताळलाय. (ऑस्कर मिळालं तेही स्टीव्ही वंडरच्या गाण्याला!) पण ऑफिसातला फोनचा घोळ नीट बघा. नायक जीन वाइल्डरला वाटतं, आपण फोनवर लाल ड्रेसवालीला आमंत्रण देतोय, पण पलीकडे ऐकत असते सहकारी मिस मिलनर, म्हणजे गिल्डा रॅडनर. आपल्याला कळतं, त्याला नाही, म्हणून हशा.

सांगलीत भावे नाट्यमंदिरात कुणी असा प्रवेश बसवलाच, तर दोन्ही फोन प्रेक्षकांना एकदम दिसू द्या. तिची उत्तरं ‘हो’, ‘चालेल’ एवढीच ठेवा. लांबली तर त्याने आवाज कसा ओळखला नाही, हा प्रश्न पडतो. आणि हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकू नका, ऐकूच जात नाही.