मदत हवी आहे: पाऊस लागला की आईची झोप उडते

सर्वांना सलाम. आम्ही कोल्हापुरात पंचगंगेजवळ राहतो, 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलेलं, तेव्हापासून पाऊस लागला की आई रात्रभर जागीच, नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका हे तिला बायबलमधल्या स्तोत्रांपेक्षा जास्त पाठ झालंय. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की बायबल बाजूला आणि मोबाईल हातात. पाळकसाहेब म्हणतात चिंता करू नका, पण ते राहतात उंचावर ओ! स्तोत्र 56:3 मध्ये दावीद पण भ्यालेलाच आहे, मग भीती वाटणं म्हणजे अविश्वास कसा, असं मी तिला सांगतो, पण पटत नाही, म्हणते माझाच विश्वास कमी, सामान माळ्यावर चढवायलाही तिला अपराधी वाटतं. तिला कसं समजावू? अशा रात्री तुम्ही घरी काय वाचता, कशी प्रार्थना करता, सांगा की.