बास गिटार: पहिल्या पाच फ्रेटवर खरखर, कडेला टोकं टोचतात. घरी काय करता येईल?

तापी_बास (जळगाव)
राम राम मंडळी. चार तारांचा बास, ३४ इंची स्केल, बोल्टचा मॅपल नेक, रोझवूडचा बोर्ड, तारा ४५–१०५ (जाडी, इंचाचे हजारावे भाग). मे हिट सुरू झाल्यापासून तीन तक्रारी. ई आणि ए तारेवर पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत (बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखर. जी तारेवर नवव्याला सूर चोक होतो, म्हणजे दबून मरतो, बाकी साफ. आणि नेकच्या कडेनं हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) हात लावू का?

चौथी_तार (धुळे)
लाव, पण आधी मोज. नेहमीच्या सुरात लावून पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), आणि जिथं नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट बोटानं दाब. आता आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघ. ०.३० मिमी हवी. टॅपेट सेट करायचं फीलर गेज कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, तेच घे. अंदाजानं नको.

खरखर फक्त पहिल्या पाचात म्हणजे फट कमी झालीय. कोरड्या हवेत नेक सरळ होतो, कधी उलटाही झुकतो. रॉडच्या नटकडे तोंड करून रॉड डावीकडे, म्हणजे सैल बाजूला, पाव फेरा. परत सुरात लाव, तासभर थांब, मोज. रॉडला बरोबर बसणारीच चावी वापर. ढिली चावी षटकोनाचे कोपरे खाते, मग काम नेक काढण्यावर जातं. बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची शेवटी: ई २.४, जी २.० मिमी.

तापी_बास
मोजलं. ०.०५ चं पातंही अडकतंय.

चौथी_तार
मग तेच. पाव-पाव करत ये.

कानस_भाऊ (भुसावळ)
भाऊ, नवव्यावर दाबून चोक होतो तर संशय दहाव्यावर, नवव्यावर नाही. आधी रॉड नीट कर, मगच हे बघ. पोलादी पट्टीचा सरळ तुकडा ९, १०, ११ या तिन्हींवर ठेव. डुलला तर दहावा वर आलाय.

आता दहाव्याचं टोक नखानं दाब. हलतोय? कोरड्यात खाचेतून सुटलाय. आजूबाजूच्या लाकडाला मेण चोळ, पातळ फेवीक्विकचा एकच थेंब टाचणीनं फ्रेटच्या खाली दे, वर लाकडाची चीप ठेवून सी-क्लॅम्पनं तासभर दाबून ठेव. ॲसिटोननं पुसायला जाऊ नकोस, वरच्या नटचं (तारा ज्या खाचांतून जातात तो तुकडा) प्लास्टिक आणि पॉलिश दोन्ही विरघळतील. न हलता उंच असेल तर माथ्यावर मार्कर फिरव, चपट्या लाकडाला ४०० चा पॉलिश पेपर गुंडाळून फक्त तेवढाच घास, थोडं घासून पट्टी परत लाव. माथा सपाट झाला की सूर वाजतो पण इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणं) घसरतं, म्हणून गोलाई परत आण. नंतर ६००, १०००, २०००.

टोकांना: बोर्डवर मास्किंग टेप, बारीक चपटी कानस साधारण ३५ अंशात, एकाच दिशेनं. धातूच घासायचा, लाकूड नाही. पिकअपवर (तारांखालचा, आवाज पकडणारा भाग) टेप लावायला विसरू नकोस, धातूचा कीस आत शिरला की निघता निघत नाही.

नर्मदाकाठ (नंदुरबार)
टोकांसाठी घाई कशाला? आषाढात लाकूड फुगलं की आपोआप आत जातात.

कानस_भाऊ
जातात, आणि पुढच्या मार्चात परत बाहेर येतात. लाकूड सगळ्यात आखडलेलं असतं तेव्हाच घासलेलं कायमचं. म्हणून हाच महिना.

चौथी_तार
बरोबर. आणि बास कूलरच्या झोतात ठेवू नका. दिवसभर ओलं, रात्री कोरडं, नेक दोन्हीकडे फिरतो. बंद केसमध्ये भिंतीपासून लांब ठेवा. पाऊस लागला की फट ०.३० च्या वर जाईल, तेव्हा रॉड उजवीकडे पाव फेरा.