विद्यापीठात वाचन-लेखन शिकवायला हॅलिडे हवा की नको?

तिरकी रेघ
मराठी माध्यमातून आलेली मुलं एम.ए.ला समाजशास्त्राचे इंग्रजी लेख वाचताना अडतात. आपण त्यांच्या हाती शब्दकोश देतो. पण 'सरकारने धरण बांधलं, लोकांना गाव सोडावं लागलं' हे कोणालाही कळतं. लेखात तेच 'धरणबांधणीमुळे झालेलं विस्थापन' होतं आणि पुढच्या वाक्यात हे विस्थापनच कर्ता बनून दारिद्र्य वाढवतं! क्रियांना अशी नामं करून टाकण्याला भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे 'व्याकरणिक रूपक' म्हणत. त्यांच्या फंक्शनल लिंग्विस्टिक्सवर (भाषा कोणतं काम करते यावरून व्याकरण पाहणाऱ्या पद्धतीवर) सिडनीत जेम्स मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून शाळांसाठी पद्धत बसवली: नमुना लेख उलगडायचा, मग सगळ्यांनी मिळून एक लिहायचा, मग एकट्याने. पुढे ती विद्यापीठांतही गेली. आपल्याकडे पहिल्याच सत्रात हवी.

खडूफळा
हॅलिडेंच्या व्याकरणातल्या संज्ञा बघा: फील्ड, टेनर, मोड, थीम, ऱ्हीम... इंग्रजी कमी पडलं म्हणून आता ही आणखी एक भाषा? आणि ८० जणांच्या वर्गात 'मिळून लिहायचं' म्हणजे पुढच्या बाकावरचे चौघे बोलणार. मुळात मुलं वाचत नाहीत. त्यावर बोला.

तिरकी रेघ
संज्ञा शिक्षकाने जाणाव्यात. मुलांना प्रश्न दोनच: या नामात कोणती क्रिया दडलीय, आणि ती कोणी केली? वाचत नाहीत कारण तिसऱ्या ओळीला धाप लागते.

गोदाकाठ
माझा आक्षेप वेगळा. विद्यापीठीय लेखनाचे अभ्यासक मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी १९९८ मध्येच मांडलंय की विद्यापीठीय लेखन हे निव्वळ कौशल्य नाही. कोणतं लेखन ग्राह्य हे ठरवण्यात सत्ता असते. धरण कोणी बांधलं हे गिळून टाकणारी भाषा मुलांना शिकवायची आणि वर तिलाच गुण द्यायचे?

तिरकी रेघ
न शिकवून ती जात नाही ना! ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत त्यांना आपसूक येते, बाकीचे नापास.

गोदाकाठ
वाचनापुरतं मान्य. पण 'सरकारने आम्हाला उठवलं' लिहिणाऱ्या मुलीच्या पेपरवर 'भाषा शैक्षणिक नाही' असा शेरा पडतो. तुमच्या सत्रात परीक्षकही बसणार आहेत का?

खडूफळा
+१. शिवाय शिकवणार कोण? तासिका तत्त्वावरच्या माणसाला तासाचे पैसे मिळतात, ८० मसुदे घरी नेऊन तपासायचे नाहीत.